तेरावा हात

१

मंगळवारी सकाळी शेफालीनं मोजलं तेव्हा चित्रात सात चेहरे, तेरा हात आणि एक घोडा होता, तोही अर्धाच. बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिनं पुन्हा मोजलं. चेहरे सहा, हात अकरा. घोडा जसाच्या तसा.

तिनं वहीत वेळ लिहिली, आणि मगच ती चित्राजवळ गेली.

करंजघरच्या जुन्या कचेरीतलं ते चित्र सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच होतं. कापडावर तैलरंग, कोपऱ्यात १९१६ साल. मधोमध खुर्चीवर अठरा वर्षांचे सरकार, म्हणजे या चिमुकल्या जहागिरीचे शेवटचे धनी. भोवती सहा मानकरी उभे. एका टोकाच्या कमानीतून घोड्याचं डोकं आणि छाती तेवढी आत आलेली. त्याचा लगाम ताणलेला आणि चौकटीबाहेर गेलेला. आता सरकारांच्या उजव्या खांद्याशी उभे असलेले हैबतराव नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी भोक होतं आणि भोकातून मागच्या भिंतीचा चुना दिसत होता.

शेफाली दामगुडे भोरची. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. पुण्याच्या एका संस्थेनं भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या जुन्या चित्रांची नोंद करायला तिला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. करंजघरचं चित्र यादीत एकोणिसावं. शनिवारी ते टेम्पोनं पुण्याला जायचं होतं आणि तोवर ते तिच्या जबाबदारीवर होतं.

दुसऱ्या एखाद्या गावानं हळहळून विषय सोडला असता. करंजघरात तशी सोय नव्हती. संस्थानं विलीन झाली, दरबार भरायचा बंद झाला, तेव्हा भैरवनाथाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून इथं डोकी फुटली होती. शेवटी पंचांनी तोडगा काढला, की चित्रात जो सरकारांच्या जितका जवळ, त्याच्या घराण्याचा मान तितका आधी. तेव्हापासून गावात चित्र हाच कायदा. पहिला खांदा हैबतरावांच्या घराचा, म्हणजे आता त्यांच्या पणतवाचा, बाजीनानांचा. दुसरा, डाव्या खांद्याशी उभ्या असलेल्या मानकऱ्याच्या घराचा, म्हणजे कोंडिबाचा.

यात्रा शुक्रवारी होती.

शेफालीनं भोक मोजलं. उंची चौऱ्याण्णव सेंटिमीटर, रुंदी अडतीस. कडा पट्टी लावून कापल्यासारख्या सरळ. फक्त एका जागी, सरकारांच्या बाहीजवळ, रेघ सरळ आली नव्हती. ती बाहीला वळसा घालून खाली गेली होती.

मागून पावलं वाजली. कोंडिबा दारात उभा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारीच झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यानं दुसऱ्या डोळ्यानं भोक पाहिलं, शेफालीकडं पाहिलं आणि वळून बाहेरच्या पायरीवर बसलेल्या तरुणाच्या खांद्यावर काठी टेकवली.

"राखण ह्याची हुती, म्याडम," तो म्हणाला. "आता ह्यालाच इचारा, मानूस कुठं गेला."

२

पायरीवरचा तरुण बंडू मरगळे, डोंगरावरच्या धनगरवस्तीतला. यात्रेआधी त्यांची मेंढरं नानांच्या शेतात बसायला यायची. शेताला खत मिळायचं, त्यांना धान्य. या वर्षी चित्र पुण्याला जायचं म्हणून नानांनीच बंडूला दुपारची राखण सांगितली होती. बारा ते तीन तो दाराशी होता. कचेरीला दार एकच आणि मागच्या खिडकीला गज.

"आत कुणी गेलं?" शेफालीनं विचारलं.

"कुणी न्हाई, ताई."

"डोळा लागला होता?"

"न्हाई. अभ्यासाचं पुस्तक वाचत हुतो."

ते पुस्तक आता लागणारही नव्हतं, कारण बंडूची पोलीस भरतीत निवड झाली होती. वस्तीतला तो पहिलाच. चारित्र्य पडताळणी राहिली होती. त्या कागदासाठी याच महिन्यात गावात चौकशी होणार होती. अशा वेळी ठाण्यात त्याच्या नावाचा अर्ज गेला की काय होईल, हे पायरीभोवती जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोंडिबाला तर चांगलंच.

त्यानं तिथंच जाहीर केलं, की शुक्रवारी पालखी उचलायच्या आत कापलेला तुकडा आला नाही तर अर्ज वेल्ह्याच्या ठाण्यात जाईल. पाचसात जणांनी माना हलवल्या. एकट्या बाजीनानांनी हलवली नाही. शहात्तर वर्षांचे नाना काठीवर दोन्ही हात ठेवून भोकाकडं बघत उभे होते. माझ्या पणजोबाचं मी बघेन, ठाण्याबिण्यात जायचं नाही, एवढंच ते म्हणाले.

"तुमी देवमानूस हायसा, नाना," कोंडिबा म्हणाला. "पर चोर देव नसतो."

शेफालीला दुसरीच गोष्ट टोचत होती. मंगळवारी संध्याकाळी नानांच्या घरी चहा घेताना तिनं आपल्या मोजणीची गंमत सांगितली होती. सात माणसांचे हात चौदा. दिसतात तेरा. कुणालाही वाटेल, एक झाकला असेल. पण तिनं प्रत्येक हात त्याच्या धन्याला जोडून पाहिला होता. दोन मानकऱ्यांचा एकेक हात पाठीमागं आहे. म्हणजे बारा दिसायला हवेत. तेरावा हात खुर्चीमागून येऊन सरकारांच्या उजव्या बाहीवर टेकला होता. निमुळता, मनगटात चांदीचं कडं. हैबतरावांचा तो नाही, कारण त्यांचे दोन्ही हात अब्दागिरीच्या दांड्यावर होते.

पुण्याला रंगाखालचं बघणारा कॅमेरा आहे, तिथं कळेल, असं ती सहज म्हणाली होती. ऐकायला नाना होते, त्यांची सून धनश्री होती, कोंडिबा होता, टेम्पोवाला पप्पू होता आणि दुधाची किटली घेऊन दाराशी आलेला बंडू होता. त्यानंतर अठरा तासांत चित्र कापलं गेलं.

आणि तेरावा हात मात्र चोरानं जागच्या जागी ठेवला होता. भोकाच्या कडेपासून सहा मिलिमीटरवर.

३

सरकारांच्या कपाळी रोज सकाळी नाना चंदनाचं गंध लावत. रंगाला ते वाईट, हे शेफालीनं पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं होतं आणि गप्प बसली होती. आता तिनं भिंग धरून ते गंध पाहिलं. सुकलेल्या चंदनात चार काळपट धागे रुतले होते. बुधवारी बारा वाजता काढलेल्या फोटोत ते नव्हते.

कोंडिबाला धागे दाखवायची चूक तिनं केली. अर्ध्या तासात गावभर झालं की सरकारांच्या कपाळाला घोंगडीची लोकर चिकटली आहे. घोंगडी बंडूच्या खांद्यावर होती, आणि काळी होती.

बंडूचा बाप भिमा वरून धावत आला तो तिच्यासमोर हात जोडूनच उभा राहिला. म्हणाला, "ताई, त्याला कागूद मिळाला न्हाई तर पुन्हा मेंढरं हायतीच. पर चोर म्हनून मेंढरं राखायची म्हंजी..." आणि थांबला.

शेफालीनं त्याच्याकडून बंडूच्या घोंगडीचा एक धागा मागून घेतला. धनश्रीच्या स्वयंपाकघरात तिनं मेणबत्ती लावली आणि चिमट्यात धरून तो धागा ज्योतीत नेला. केस जळल्याचा वास सुटला, मागे भुरभुरीत राख राहिली. मग गंधातला एक धागा. तो पेटला नाही, आक्रसला. चिमट्याच्या टोकाशी काळा टणक मणी उरला. केसांचा वास नाही.

"लोकर नाही ही," ती म्हणाली. "कारखान्याचा धागा आहे."

धनश्री पोळ्या लाटत होती. तिनं मण्याकडं पाहिलं आणि शेफालीच्या पिशवीकडं बोट केलं. पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीनं नारळ देऊन पांघरलेली सत्काराची शाल, काळपट जांभळी. दोन दिवस ती कचेरीतल्या खुर्चीवर पडून होती. संध्याकाळी शेफालीनं ती उचलून आणली होती. तिचा एक धागा जाळला. तसाच आक्रसला, तसाच मणी.

म्हणजे कुणीतरी ती शाल सरकारांच्या तोंडावर टाकली होती. कशाला?

धनश्रीला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. चुना मारायला चित्र उतरवतात तेव्हा सरकारांचं तोंड झाकतातच की. दुसऱ्यांनी उचललेलं त्यांनी बघू नये म्हणून. उपरणं टाकायचा मान आपल्याच घराचा, तिनं सांगितलं. बाकीच्यांना तर तेव्हा आत थांबूही देत नाहीत.

तिनं सांगून टाकलं आणि पुन्हा पोळी लाटायला घेतली. शेफालीनं मेणबत्ती विझवली.

४

तरीही एका सवयीवरून माणसाला चोर ठरवता येत नाही, हे तिला कळत होतं. गुरुवारी सकाळी तिनं उरलेल्यांचं नीट पाहून घेतलं.

पप्पूवर तिचा आधी संशय होता. शहरातली माणसं जुन्या चित्रांना वेड्यासारखी किंमत देतात, असं तो चहाच्या वेळी दोनदा म्हणाला होता. पण बुधवारी अकरापासून चारपर्यंत तो कापूरहोळला टेम्पोखाली आडवा होता. क्लचप्लेट गेली होती. गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, की पप्पूनं तेवढ्या वेळात सहा चहा प्यायले आणि एकाचेही पैसे दिले नाहीत.

कोंडिबाला फायदा सगळ्यांत मोठा. हैबतराव गेले की पहिला खांदा त्याचा. पण ज्याला नुसते हैबतराव नकोत तो चेहरा खरवडेल आणि पळेल. इथं कुणीतरी चौऱ्याण्णव सेंटिमीटरची रेघ पट्टी लावून ओढली होती, रंगाचा टवकाही उडू न देता. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला ते जमणारं नव्हतं. कोंडिबानं स्वतःच तिला ऐकवलं, "मला आता भाकरी आन् ताटबी दोन दिसत्यात, म्याडम. मी कापला असता तर सरकारच गेले असते."

मग ती बंडूकडं गेली. तो मेंढरांच्या वाघरापाशी बसला होता. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. ते गुंडाळायचं काम त्यानं हातात घेतलं होतं आणि तिथंच सोडलं होतं.

कोण आत गेलं, हे या वेळी तिनं विचारलं नाही.

"कचेरीचं दार करकरतं. बारा ते तीन ते किती वेळा करकरलं?"

बंडूनं डोळे मिटून आठवलं. बोटांवर मोजलं. "चार बारी."

"पहिल्या दोन?"

"धनश्रीवहिनी केरसुनी न्यायला आल्या. आल्या आन् लगेच गेल्या."

"पुढच्या दोन?"

"त्ये नाना. दिव्यात तेल घालायला."

"काल तू म्हणालास, कुणी आत गेलं नाही."

बंडूनं तिच्याकडं खरंच न समजून पाहिलं. "नाना रोजच जात्यात, ताई. त्यांना कुठं धरायचं मोजाय?"

किती वेळ आत होते, तिनं विचारलं. पुस्तकाचा एक धडा वाचून झाला होता, तो म्हणाला. पंचवीस मिनिटं असतील. बाहेर येताना त्यांच्या बगलेत पंचांग गुंडाळल्यासारखं काहीतरी उपरण्यात बांधलेलं होतं. निर्माल्य असेल, असं त्याला वाटलं.

ती उठली तेव्हा बंडूनं खालच्या आवाजात सांगितलं, "नानांचं नाव घिऊ नका, ताई. म्या न्हाई घेनार. भरतीच्या फार्मचं पैसं त्यांनीच भरल्यात."

५

त्या दुपारी ती नानांच्या ओसरीवर बसली होती. समोर भिंतीवर त्यांचं मानपत्र होतं, भलंमोठं, पुरुषभर उंचीच्या लाकडी चौकटीत. तालुक्यानं पंच्याहत्तरीला दिलेलं. चौकटीच्या डाव्या बाजूला भिंतीवर बोटभर रुंदीचा फिकट पट्टा दिसत होता, कारण चौकट पूर्वीच्या जागेपासून जरा सरकली होती. मंगळवारी चहाच्या वेळी शेफाली याच जागी बसली होती. तेव्हा तो पट्टा नव्हता.

बुधवारी नानांनी स्वतः काढून पुसलं, धनश्री सांगत होती. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

शेफालीला कुणी आणि कुठं हे कळलं होतं. पण का, ते कळत नव्हतं. आपल्याच पणजोबाला कोण कापून काढतं? आणि भोक अडतीस सेंटिमीटर रुंद का? मंगळवारच्या फोटोवरून मोजले तर हैबतराव सगळ्यात रुंद जागी चोवीस भरत होते. बाकीचे चौदा सेंटिमीटर नुसता तपकिरी पडदा. पडदा कशाला न्यायचा?

उत्तर संध्याकाळी वरून चालत आलं.

भिमाची आई ठकुबाई, ऐंशीच्या पुढची, यात्रेच्या आदल्या दिवशी दरवर्षी खाली यायची. वस्तीवरचं दूध आधी कचेरीत आणि मग देवाला. असं का, ते गावात कुणी सांगू शकत नव्हतं. कोंडिबानं या वर्षी तिला अडवायचा प्रयत्न केला. ती थांबलीसुद्धा नाही. कचेरीत शिरली, दुधाचा गडू चित्राखाली ठेवला आणि भोकाकडं न बघता उजवा हात वर करून सरकारांच्या बाहीवर ठेवला.

शेफाली पुढं झाली होती तिला थांबवायला. रंगाला हात लावायचा नसतो. पण ती मधेच थांबली.

ठकुबाईचा हात तेराव्या हातावर त्याच वळणानं बसला होता, फक्त आकारानं मोठा. बोटावर बोट. मनगटातलं चांदीचं कडं रंगवलेल्या कड्यावर.

"आजी, हे कुणी शिकवलं?"

"सासूनं. तिला तिच्या सासूनं. वस्तीतल्या थोरल्या बाईनं हात ठिवायचा, दुसऱ्या कुनी न्हाई."

"का?"

म्हातारी हसली. "म्या काय इचारलं न्हाई. सासूला कोन इचारतं?"

ती गेल्यावर शेफालीनं टॉर्च लावला, चित्रासमोर नाही, बाजूनं, अगदी कापडाला टेकवून. भोकाच्या उरलेल्या कडेवर रंग किंचित उंचावला होता. खालच्या कुठल्यातरी जाड रेघेचं टोक वरच्या रंगातून वर आलं होतं. रोज संध्याकाळी दिव्याच्या तिरप्या उजेडात जो या चित्रासमोर उभा राहतो, त्याला पडद्याखाली काय आहे ते आयुष्यभर दिसत आलं असणार.

६

शुक्रवारी सकाळी आठ वाजता कचेरीसमोर सगळं गाव होतं. पालखी सजली होती, ढोल वाजायचे थांबले होते. कोंडिबाच्या खिशात अर्ज होता आणि पप्पूचा टेम्पो वेल्ह्याकडं तोंड करून उभा होता. बंडू, भिमा आणि ठकुबाई एका बाजूला. बंडूनं घोंगडी घरी ठेवली होती. निवडीच्या दिवशी घेतलेला पांढरा शर्ट घातला होता.

शेफाली आधी एकटी नानांकडं गेली होती. त्यांनी दार उघडलं नव्हतं. आता ते माणसांत होते, पालखीच्या पहिल्या दांड्यापाशी.

"मला अर्ज जायच्या आधी तीन गोष्टी सांगायच्या आहेत," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "पहिली, सरकारांच्या कपाळावरचे धागे घोंगडीचे नाहीत. ज्यानं कापलं त्यानं आधी माझी शाल त्यांच्या तोंडावर टाकली. चोर चित्रातल्या माणसाचं तोंड झाकत बसत नाही. चित्राला हात लावताना सरकारांनी बघू नये, अशी ज्याच्या हाताला सवय आहे तोच झाकेल. बंडू तर चित्र उतरवताना कधी आतसुद्धा आलेला नाही."

गर्दीत कुजबुज झाली. नाना समोर बघत होते.

"दुसरी. तेरावा हात राहिला नसता तर माझ्याकडं काहीच उरलं नसतं. कापणाऱ्याला तो सगळ्यात आधी काढायला हवा होता. पण तो सरकारांच्या बाहीवर आहे. बाकी रेघ सरळ ओढली, पण सरकारांच्या अंगाला पातं लावायला हात धजला नाही. वळसा घातला."

"आन् तिसरी?" कोंडिबानं विचारलं.

"हैबतराव चोवीस सेंटिमीटर. भोक अडतीस. ज्याला हैबतराव हवे होते किंवा नको होते, तो चोवीस कापेल. अडतीस कापणाऱ्याला त्यांच्याखाली जे आहे ते काढायचं होतं. ते किती रुंद आहे, हे त्याला ठाऊक होतं."

ती थांबली. बंडूनं तिच्याकडं पाहून हळूच मान हलवली, नको म्हणून.

शेफालीनं नाव घेतलं नाही. ती नानांकडं वळली. "नाना, तो तुकडा दुमडलेला नसणार. आपल्या पणजोबाला कुणी दुमडत नाही. चौऱ्याण्णव बाय अडतीस सपाट राहील अशी चौकट गावात एकाच घरात आहे. मी ती उतरवू का, की तुम्ही?"

पालखीच्या झालरीचे घुंगरू वाऱ्यानं वाजले.

नानांनी दांड्यावरचा हात काढला. बंडूकडं पाहिलं, बराच वेळ. मग काठी टेकत घराकडं निघाले. कोंडिबा मागं जायला लागला तेव्हा धनश्रीनं त्याच्या वाटेत उभं राहून सांगितलं, "मामा, थांबा हितंच."

७

नाना चौकट स्वतः घेऊन आले. कुणाला धरू दिली नाही. कचेरीच्या पायरीवर ती पालथी ठेवली, मागचे खिळे वाकवले आणि मानपत्रामागून कापड काढून शेफालीच्या हातात दिलं.

"माझा पनजा सरकारांच्या घोड्यामागं हुता," ते म्हणाले. बोलणं शेफालीशी होतं, पण ऐकत सगळे होते. "त्या दिवशी लगाम धरून कमानीबाहेर उभा हुता, चार तास. रंगवणाऱ्यानं घोडा घेतला, त्याला न्हाई घेतला. पुढं सरकार पुन्याला ऱ्हायला गेले, चित्र गावाला दिलं. आणायला माझा आजा गेला. गाडी भोरात आठ दिस थांबली. तिथं एका पाट्या रंगवणाऱ्याकडून त्यानं आपल्या बापाला आत घेतलं. खुर्चीजवळ जागा करायची म्हंजी कुनाला तरी..."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"कुणाला, नाना?"

"सगुणाबाई. धनगराची. सरकारांची दूधआई." नानांनी ठकुबाईकडं पाहिलं नाही. "चित्र आलं त्या सालच्या यात्रेला ती जित्ती हुती. खाली आली, बघितलं. माझ्या बापानं डोळ्यानं पाहिलंय. एक शबूद बोलली न्हाई. उरला हुता त्या हातावर हात ठिवला, दूध ठिवलं आन् गेली. बापानं मला सांगितलं, म्या कुनाला न्हाई. कॅमेऱ्याचं ऐकलं आन्... म्हनलं, पनजा घरात ठिवीन, पर त्याला सगळ्यांम्होरं पुसू देनार न्हाई. पोराचं नाव येईल हे ध्यानात आलं न्हाई. आल्यावरबी गप बसलो. त्ये पाप मोठं."

भिमा काही बोलायला गेला; ठकुबाईनं त्याच्या दंडाला धरून मागं ओढलं.

शेफालीनं कापड दोन्ही हातांनी वर धरलं. सूर्य तोरण्याच्या बाजूनं अजून पुरता वर चढला नव्हता. कचेरीच्या कोपऱ्यावरून तो थेट गर्दीच्या डोळ्यांवर येत होता. तिनं कापड त्याच्या आणि गर्दीच्या मधे नेलं.

वरचा पातळ रंग उजेडात विरला. हैबतराव फिकट झाले. त्यांच्यामागून, जिथं पडदा होता तिथं, शिसं घातलेल्या जाड पांढऱ्या रंगानं उजेड अडवला आणि एक काळी आकृती उभी राहिली. डोईवरून पदर, रुंद खांदे. किंचित खाली झुकलेला चेहरा, खुर्चीत बसलेल्या पोराकडं वळलेला. एक हात कोपरापासून पुढं कापडाच्या कडेबाहेर जात होता, चित्रातल्या बाहीकडं. दुसरा छातीशी, त्यात वाटी.

पुढच्या ओळीतल्या बायका आपोआप मागं सरल्या आणि ठकुबाईला वाट मिळाली. ती जवळ आली, मान तिरकी करून बघत राहिली.

कोंडिबानं खिशातून अर्ज काढला. आधी दोन तुकडे केले, मग चार, आणि कुणी बघत नाही असं समजून पप्पूच्या टेम्पोत टाकले.

तुकडा जागेवर लावून बघायचा तर चित्र खाली उतरवायला हवं होतं. नाना सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढून सरकारांच्या तोंडाशी गेले. तिथं थांबले. उपरणं त्यांनी ठकुबाईपुढं धरलं.

तिनं ते घेतलं, घडी केली आणि परत त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

"झाकू नगा," ती म्हणाली. "बघू द्या लेकराला."

चित्र उघड्या तोंडानं खाली आलं. बंडूनं एक बाजू धरली, नानांनी दुसरी. शेफालीनं तुकडा भोकात बसवला, मागून पप्पूनं टेम्पोतला हातदिवा धरला, आणि तिनं मोजायला घेतलं. सावकाश, बोट न लावता, डावीकडून उजवीकडं. मग पुन्हा उजवीकडून डावीकडं. दोन्ही वेळा आकडा तोच आल्यावर तिनं वही उघडली.

शुक्रवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. चेहरे आठ. हात चौदा. घोडा एक, अर्धा.